नाकाच्या वाटेने कवटीच्या तळापर्यंत : एका शल्यविद्येच्या शिकवणुकीचा इतिहास

नाकाच्या पोकळीचे छत आणि मेंदूखालची जमीन या एकाच हाडाच्या दोन बाजू आहेत. कवटीच्या तळाचा हा भाग काही ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ असतो. दोन्ही अंगांना डोळ्यांच्या खोबणी, आणि पाठीमागे, नाकाच्या पार शेवटाला, स्फेनॉइड नावाचा सायनस. या सायनसच्या वर पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. त्याच्या बाजूच्या भिंतींवर डोळ्याची नस आणि मेंदूला रक्त पुरवणारी कॅरॉटिड धमनी यांचे उंचवटे दिसतात. इतक्या अवघड जागी हत्यार चालवायचे तर कान-नाक-घसा विषयातील तीन वर्षांची एम.एस. पदवी पुरत नाही, हे अनुभवाने पटत गेले. त्यामुळे सायनस आणि कवटीच्या तळाच्या आजारांसाठी पदवीनंतर वेगळे, बहुधा वर्षभराचे, प्रगत प्रशिक्षण घेण्याची पद्धत जगभर पडली. तिलाच फेलोशिप म्हणतात. ही पद्धत गेल्या तीन-चार दशकांतली आहे. जाणत्या हाताखाली नाकाची शस्त्रक्रिया शिकण्याची गोष्ट मात्र भारतात फार जुनी आहे, आणि तिच्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग पुण्याजवळ घडला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा एक अध्याय आहे. त्याचा विषय सराव हाच आहे. शास्त्र पाठ झालेल्या शिष्यानेही हाताला वळण लागल्याशिवाय रुग्णाला हात लावू नये, असा त्याचा दंडक. छेद देण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, खरवडण्याचा सराव केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर करावा, शिरा टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा, असे त्यात सांगितले आहे. कापलेले नाक गालाच्या त्वचेने पुन्हा घडवण्याची कृतीही याच संहितेत येते. पुढच्या शतकांत हे ज्ञान ग्रंथांपेक्षा घराण्यांत जास्त टिकले. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा भागात नाक घडवणाऱ्या घराण्यांच्या नोंदी आहेत. दख्खनमध्येही असे कारागीर होते.

त्यांपैकी एकाचे काम जगापुढे आले ते कावसजी नावाच्या माणसामुळे. कावसजी हा शेतकरी समाजातला मराठा, इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका वीट घडवणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात, बी. एल. अशी सही असलेल्या पत्रात, ही हकीकत छापून आली. सोबत चित्रकार जेम्स वेल्स यांनी काढलेल्या कावसजीच्या चित्रावरून केलेली प्रतिमा होती. मुंबईच्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिल्याचेही पत्रात नमूद आहे.

पत्रातले कृतीचे वर्णन इतके नेमके आहे की आजचा शल्यविशारदही ते अडखळल्याशिवाय वाचू शकेल. प्रथम मेणाची पातळ पत्री नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. ती पत्री सपाट करून कपाळावर ठेवायची, तिच्या कडेने रेघ ओढायची आणि तेवढी त्वचा सोडवून घ्यायची. दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी मात्र कापायची नाही. रक्तपुरवठा तिच्यातूनच चालू राहतो. मग सोडवलेली त्वचा फिरवून खाली आणायची, नाकाच्या कडांना दिलेल्या चिरांत बसवायची आणि पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून ती जागेवर धरायची. चार दिवस तीच पट्टी, त्यानंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापायची. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी ही पद्धत अभ्यासली, १८१४ मध्ये ती स्वतः केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून शिकवली गेली.

त्या पत्रात कावसजीचे नाव आहे, डॉक्टरांची आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव नाही. तो कोणाकडे शिकला, त्याच्या हाताखाली कोण शिकले, याची कुठे नोंद नाही. एवढे अवघड कौशल्य एका माणसाच्या किंवा घराण्याच्या आयुष्याला बांधलेले राहिले आणि त्यांच्याबरोबर संपले. ज्या गावाजवळ ते फुलले तिथल्या पुढच्या शल्यविशारदांना ते इंग्रजी पुस्तकांतून परत शिकावे लागले. शिकवण्याची व्यवस्था नसली की काय गमावले जाते, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला मिळणार नाही.

अशी व्यवस्था उभी राहू लागली ती मुंबईत. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची स्थापना झाली आणि पदव्युत्तर परीक्षा मुंबईतच देण्याची सोय झाली. १९२६ मध्ये परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभे राहिले. या संस्थांतल्या वॉर्डांत आणि शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीमध्ये, सरांच्या शेजारी उभे राहून शिकणे हीच पद्धत होती. पोटाच्या किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेत ती चालत असे, कारण टेबलाभोवतीच्या सर्वांना जखम दिसते. नाकात तसे नव्हते. कपाळावरच्या आरशाने उजेड आत टाकून एकच डोळा आत पाहू शकत असे. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल आणि पॅरिसचे हेन्री लुक यांनी १८९० च्या दशकात सांगितलेल्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून गालाच्या सायनसमध्ये शिरत आणि आतले अस्तर खरवडून काढत. त्यापलीकडचे, डोळ्यांमधल्या एथमॉइड सायनसचे काम तर बरेचसे हाताच्या अंदाजाने चाले. शिकणाऱ्याला गुरूच्या हाताची हालचाल दिसे. हत्याराचे टोक नेमके कुठे आहे हे गुरूलाही धडपणे दिसत नसे.

नाकातून पिट्युटरीपर्यंत जाण्याची वाट याच काळात सापडली, आणि ती जवळजवळ बुजलीही. इन्सब्रुकचे हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या वाटेने पिट्युटरीची पहिली गाठ काढली. त्यासाठी त्यांनी नाक बाजूला उलगडले होते. व्हिएन्नाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ ऑस्कर हिर्श यांनी १९१० मध्ये बाहेर चीर न देता, नाकाच्या आतूनच, हे काम केले. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी ही वाट पुष्कळ वापरली, पण पुढे ते कवटी उघडून वरून जाण्याकडे वळले. कुशिंग यांचा दबदबा असा की त्यांच्यामागोमाग बहुतेक सगळे वळले. वाट टिकली ती एडिनबरोच्या नॉर्मन डॉट यांच्यामुळे. ते कुशिंग यांच्याकडे शिकले होते आणि त्यांनी ती सोडली नव्हती. १९५० च्या दशकात पॅरिसचे जेरार गियो यांनी डॉट यांच्याकडे ती पाहिली आणि शेकडो रुग्णांवर वापरली. गियो यांच्याकडे मॉन्ट्रियलचे ज्यूल आर्डी शिकले. आर्डी यांनी १९६० च्या दशकात तिला शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि मग ती जगभर परतली. एका अख्ख्या शल्यविद्येची परंपरा मधली काही दशके प्रामुख्याने एडिनबरोतल्या एका माणसाच्या हातात होती. डॉट यांच्याकडे कोणी शिकायला गेलेच नसते, तर पुण्याजवळच्या त्या अनामिकासारखीच इथेही गत झाली असती.

दुसरा प्रवाह ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातून आला. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी १९५० च्या दशकापासून सायनसमधला शेंबूड कोणत्या दिशेने वाहतो याचा चिकाटीने अभ्यास केला. सायनसच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड ठरलेल्या वाटेनेच नैसर्गिक तोंडाकडे ढकलतात, आणि बहुतेक जुन्या सायनसदुखण्याचे मूळ मोठ्या सायनसमध्ये नसून त्यांच्या तोंडाशी असलेल्या, एथमॉइडच्या पुढच्या अरुंद खिंडीत असते, हे त्यांनी दाखवले. याचा अर्थ साधा पण उलथापालथ करणारा होता. अस्तर खरवडायचे नाही. खिंड मोकळी करायची, म्हणजे अस्तर आपोआप बरे होते. त्यासाठी आत नीट दिसणे भाग होते. ती सोय ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी शोधलेल्या काचदांड्यांच्या भिंगरचनेने झाली. जर्मनीच्या कार्ल श्टोर्झ यांच्या कारखान्याने १९६० च्या दशकात तिच्यावरून दुर्बिणी बनवल्या. चार मिलिमीटर जाडीच्या त्या नळीतून सरळ समोर पाहता येते, आणि टोकाचा कोन वेगळा असलेली नळी घेतली की ३०, ४५ किंवा ७० अंशांत वळूनही पाहता येते.

मेसरक्लिंगर यांचे शिष्य हाइन्झ श्टामबर्गर यांनी ही विद्या देशोदेशी शिकवली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये तिला ‘फंक्शनल एन्डोस्कोपिक सायनस सर्जरी’ हे नाव दिले. ‘फेस’ हे त्याचे लघुरूप आज मराठी रुग्णाच्या तोंडीही असते. दुर्बीण आणि सीटी स्कॅन एकत्र आले आणि शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. नको इतकी झपाट्याने, असे म्हणायला हवे. दोन-तीन दिवसांचे कोर्स करून लोक परतत आणि कामाला लागत. डोळ्याला इजा होणे, कवटीच्या तळाला भोक पडून मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळणे, अशा गुंतागुंती नोंदवल्या जाऊ लागल्या. शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातले जेम्स स्टँकिविच यांनी स्वतःच्याच रुग्णांचा हिशेब छापला. पहिल्या ९० रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण मोठे होते, पुढच्या ९० मध्ये ते अगदी थोडे उरले. शल्यविशारद तोच, दुर्बीण तीच. मधला फरक सरावाचा होता. असा हिशेब जगापुढे ठेवायला धैर्य लागते. शिकण्याच्या काळातली किंमत रुग्णाने मोजायची नसेल तर तो काळ कुणा जाणत्याच्या नजरेखाली गेला पाहिजे, हे फेलोशिपमागचे खरे कारण त्यातून उघड झाले.

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईच्या शिक्षण-रुग्णालयांत रुजत गेली, आणि तिथून पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी पसरली. सुरुवातीला दुर्बिणीला डोळा लावूनच काम चाले. शिकाऊ डॉक्टरला, म्हणजे रेसिडेंटला, अधूनमधून ‘ये, बघ’ म्हणून डोळा लावायला मिळे. नंतर दुर्बिणीला कॅमेरा जोडला गेला आणि नाकाच्या आतले दृश्य ओटीतल्या पडद्यावर आले. शिकवण्याच्या दृष्टीने हा बदल दुर्बिणीइतकाच मोठा होता. गुरूला जे दिसते तेच, त्याच क्षणी, शिष्याला दिसू लागले, आणि हत्यार शिष्याच्या हातात असताना गुरू पडद्यावर बोट ठेवून ‘इथे थांब’ म्हणू शकला. कपाळावरच्या आरशाच्या काळात हे अशक्य होते.

मुंबईच्या ज्या शिक्षकांच्या हाताखाली कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या पिढ्या तयार झाल्या, त्यांत केईएमचे डॉ. मिलिंद कीर्तने हे एक ठळक नाव. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. रेणुका ब्राडू यांनी सायनसपासून कवटीच्या तळापर्यंतच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांचे काम उभे केले. ‘अ‍ॅनॅटॉमिकल प्रिन्सिपल्स ऑफ एन्डोस्कोपिक सायनस सर्जरी’ हे त्यांचे पुस्तक शरीररचनेवर भर देऊन एकेक पायरी शिकवते. महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे ओपीडीची रांग सकाळीच जिन्यापर्यंत जाते, तिथे बसून असे पुस्तक लिहिले गेले याचे मोल वेगळे आहे. रुग्णांची ती गर्दीच या शिक्षणाची मोठी ठेव होती. परदेशी फेलोला वर्षात जेवढे जुने बुरशीचे सायनस दिसत नाहीत तेवढे इथल्या रेसिडेंटच्या डोळ्यांखालून काही महिन्यांत जातात.

या काळात महाराष्ट्रात एक खास रीत पडली : वर्कशॉप. एका बाजूला ओटीतून थेट दाखवली जाणारी शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला शवविच्छेदनगृहात मृतदेहावर प्रत्यक्ष सराव. तालुक्याच्या गावी स्वतःचे छोटे हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर दोन दिवस दवाखाना बंद ठेवून त्यासाठी मुंबई-पुणे गाठत. राज्यभर ‘फेस’ पोचले ते बरेचसे या वर्कशॉपांमुळे, हे मान्यच करावे लागेल. पण दोन दिवसांत शरीररचना दिसते, हात बसत नाही. पुढच्या सोमवारी स्वतःच्या ओटीत रक्त वाहू लागले की शेजारी सांगणारे कोणी नसते. ही उणीव भरून काढायला वर्षभराच्या फेलोशिपा आल्या. नाशिकला १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मान्यताप्राप्त संस्थांमधून निरनिराळ्या उपशाखांचे फेलोशिप अभ्यासक्रम चालवायला सुरुवात केली. काही खासगी रुग्णालयांनीही आपापल्या जागा ठेवल्या. अनेक मराठी डॉक्टर पिट्सबर्ग, ग्राझ, अ‍ॅडलेड अशा ठिकाणी जाऊन आले. त्यातही फरक करायला हवा. परदेशातल्या पुष्कळ जागा फक्त पाहण्याच्या असतात. पाहून आलेला आणि करून आलेला यांची प्रमाणपत्रे भिंतीवर सारखीच दिसतात.

पिट्सबर्गचे नाव इथे वारंवार येते त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात तिथे मेंदूशल्यविशारद हे-डाँग जो आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ रिकार्डो कराऊ यांनी दुर्बिणीतून पिट्युटरीच्या गाठी काढायला सुरुवात केली. पुढे अमीन कासम, कार्ल स्नायडरमन आणि कराऊ यांनी ही वाट रुंद केली : वर डोळ्यांच्या मधोमध कपाळापर्यंत, खाली मानेच्या पहिल्या मणक्यांपर्यंत. एक शल्यविशारद दुर्बीण धरतो, दुसरा दोन्ही हातांनी काम करतो. नाकतज्ज्ञ आणि मेंदूतज्ज्ञ अशी जोडी एकाच नाकात चार हातांनी काम करते. अडचण होती ती नंतरची. गाठ काढली की मेंदूच्या आवरणाला मोठे भोक उरे, आणि ते बुजवूनही पुष्कळ रुग्णांत पाणी गळत राही.

तोडगा अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातून आला. गुस्तावो हदाद आणि लुइस बासागास्तेगी यांनी नाकाच्या पडद्यावरचे अस्तर एका बाजूने सोडवले. मात्र मागे, जिथून त्याला रक्त देणारी धमनी येते, तिथला देठ शाबूत ठेवला. शस्त्रक्रिया चालू असताना हा तुकडा घशाच्या वरच्या पोकळीत ठेवून देतात आणि शेवटी फिरवून भोकावर पसरतात. २००६ मध्ये ही पद्धत छापून आली आणि पाणी गळण्याचे प्रमाण एकदम खाली आले. कावसजीच्या कपाळावरची त्वचा दोन डोळ्यांच्या मधल्या पट्टीवर जिवंत ठेवणाऱ्या त्या वीट घडवणाऱ्या माणसाला हे तत्त्व सांगावे लागले नसते. रक्त आणणारा देठ तोडायचा नाही, हे त्याला दोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

स्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रशिक्षणाच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिलीत सायनसची नेहमीची कामे. दुसरीत गळणारे पाणी बंद करणे आणि पिट्युटरी. तिसरीत मेंदूच्या आवरणाबाहेरची, डोळ्याच्या नसेपर्यंतची कामे. चौथीत आवरणाच्या आतली. पाचवीत कॅरॉटिड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवतीची. एक पायरी पुरती हातात आल्याशिवाय पुढचीवर जायचे नाही. या मांडणीचा खरा उपयोग थांबण्यासाठी आहे. बहुतेक तज्ज्ञांनी दुसऱ्या पायरीवर आयुष्यभर उत्तम काम करावे यात कमीपणा नाही. पुढच्या पायऱ्यांना वर्षाला पुरेशा केस आणि कायमची जोडी लागते.

शेवटच्या पायरीचे भय एकच आहे : कॅरॉटिडला छिद्र पडणे. हे क्वचित घडते, त्यामुळे फेलोच्या वर्षात ते समोर येईलच असे नाही. आले तर दुर्बीण क्षणात लाल होते आणि विचार करायला वेळ उरत नाही. अ‍ॅडलेडचे पीटर-जॉन वर्माल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी मेंढीवर सराव बसवला. बेशुद्ध मेंढीच्या मानेतील कॅरॉटिड उघडी करतात, तिच्यापुढे नाकाच्या पोकळीची प्रतिकृती बसवतात, धमनीला छेद देतात, आणि शिकणाऱ्याने दुर्बिणीतूनच ते रक्त थांबवायचे असते. स्नायूचा ठेचलेला तुकडा छिद्रावर दाबून धरणे हा सर्वांत भरवशाचा उपाय, हे याच सरावातून पुढे आले. कमळाच्या देठावर शीर टोचायला शिकवणाऱ्या त्या जुन्या अध्यायातला आग्रह इथे जसाच्या तसा दिसतो.

महाराष्ट्रातल्या या साऱ्या शिकवणुकीची कसोटी २०२१ च्या उन्हाळ्यात लागली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. लोक त्याला काळी बुरशी किंवा नुसते म्युकर म्हणत. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्या रुग्णांच्या नाकात ही बुरशी रुजे, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करी, आणि पुढचा भाग काळा पडून मरे. गाल बधिर होणे, वरचे दात हलणे, एक डोळा सुजणे, दोन-दोन दिसणे ही तिची लक्षणे. २० मे रोजी केंद्राने हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्याचा बनवावा असे राज्यांना कळवले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले; महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत जास्त होरपळले. राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोफत उपचार जाहीर केले. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा तुटवडा इतका झाला की वर्ध्याच्या एका कंपनीत त्याचे उत्पादन घाईने सुरू करावे लागले.

औषध एकटे पुरत नव्हते, कारण मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? मेलेला भाग काढावाच लागे. नाकातून काळसर खपलीचा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे रुंद तंतू पाहायचे, आणि मग दुर्बिणीतून रक्त येणारे निरोगी मांस दिसेपर्यंत एकेक भाग काढत जायचे. दोन-चार दिवसांनी पुन्हा आत पाहायचे. बुरशी लपण्याची ठरलेली जागा म्हणजे गालाच्या सायनसच्या मागच्या भिंतीपलीकडची छोटी पोकळी. तिथून ती डोळ्यात आणि मेंदूकडे जाते. ती भिंत फोडून मागे जाणे हे एरवी वरच्या पायरीचे काम. त्या दोन महिन्यांत राज्यातल्या शासकीय रुग्णालयांत ते रोजचे झाले. ज्यांनी ही पोकळी मृतदेहावर आणि गुरूच्या शेजारी उभे राहून आधी पाहिली होती त्यांनी रुग्ण वाचवले, आणि शेजारच्या सहकाऱ्यांना तिथेच उभ्याउभ्या शिकवले. अनेक रेसिडेंटांनी एका उन्हाळ्यात जेवढी दुर्बिणीची कामे केली तेवढी आधीच्या तुकड्यांना तीन वर्षांत मिळाली नव्हती. एवढी मोठी किंमत मोजून मिळालेले हे शिक्षण नोंदींत आणि अभ्यासक्रमांत उतरले पाहिजे.

नेवाशासारख्या ठिकाणाहून पाहिले की या इतिहासाचा अर्थ अंतरात मोजावा लागतो. प्रवरेकाठचे हे गाव १२९० मध्ये ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते. तालुका उसाचा, शेतात आणि धुळीत राबणाऱ्या माणसांचा. बुरशीचे जुने सायनस, नाकात वाढणारे कोंब या तक्रारी अशा भागात नित्याच्या. ग्रामीण रुग्णालयाच्या ठरलेल्या रचनेत कान-नाक-घसा तज्ज्ञाचे पद नसते. नेवासा फाटा अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या साधारण मध्यावर आहे. त्यामुळे रुग्णाने अहिल्यानगरकडे, विळद घाटातल्या मेडिकल कॉलेजला जायचे, की १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, की पश्चिमेला लोणीच्या १९८४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, हे घरचे लोक ठरवतात. त्यापुढचे काम असले की पुणे किंवा मुंबई.

या वाटेवर सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो सुरुवातीला. कवटीच्या तळाला भोक पडून गळणारे पाणी बहुतेकदा सर्दी समजून महिनोन्‌महिने गोळ्यांवर काढले जाते. पाणी एकाच नाकपुडीतून, स्वच्छ, खाली वाकल्यावर थेंबाथेंबाने पडत असेल, आणि त्याने भिजलेला रुमाल वाळल्यावर शेंबडाने होतो तसा कडक होत नसेल, तर ती सर्दी नाही असे धरून तज्ज्ञ गाठावा. उशीर केला तर त्याच भोकातून जंतू शिरून मेंदूज्वर होऊ शकतो. मधुमेही माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला किंवा डोळा सुजला तर त्याच दिवशी निघावे. आणि नाकाच्या वाटेने कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया ठरली, की डॉक्टरांना तीन गोष्टी संकोच न करता विचाराव्यात : असे काम आपण कोणाच्या हाताखाली शिकलात आणि आजवर किती केलेत, आणि ओटीमध्ये मेंदूशल्यविशारद सोबत असणार का. जाणता डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाही.